ओला पेला

शेषक्का,

तुम्ही देवळातून याल तोवर मी ओरत्तनाडूला अण्णाकडे निघालेली असेन. माझी कावीळ उतरल्याशिवाय परतणार नाही.

दोरा बांधून वेगळा ठेवलेला माझा पेला रोज सकाळी ओला सापडायचा. तुम्ही म्हणालात, तापातला भास आहे. आज मी दाराआडून पाहिलं. कावीळ झाल्यापासून जिला मी जवळ निजू देत नाही, ती आपली पंकजा त्याला ओठ लावून पाणी पीत होती. आपल्याकडे पेला उष्टा करत नाहीत, वरून ओतून पितात, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मांडीवर तिची लाकडी बाहुली होती, तिच्या दोन्ही डोळ्यांत हळद भरलेली. तिला सांगत होती, "तुझे झाले. आता माझे पिवळे झाले, की दोघी अम्माजवळ निजू."

पेला चिंचेखाली पुरलाय. पंकजाला उन्हात नेऊन तिचे डोळे तुम्हीच बघा. मला धीर झाला नाही.

भागीरथी