आलुबोंड्याच्या तेलावर लाखांदूर

७ सप्टेंबर, रविवार
आज पंपावरच्या पोऱ्याने माझ्या पिकअपच्या बोनेटवर थाप मारली आणि विचारलं, काका, हे भंगारात कधी देऊन राहिले? चार लोक हसले. एक तर माझा ओळखीचा होता.

बस्स. आजपासून डिझेलच्या पंपावर पाय ठेवणार नाही.

दुपारी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस वीस वर्षं जुनी पिकअप हॉटेलातल्या तळणीच्या तेलावर चालवतो. नव्या गाड्यांना ते तेल पचत नाही म्हणे, जुनीच लागते. म्हणजे ज्याला तो पोऱ्या भंगार म्हणतो तीच गाडी कामाची. गोऱ्याची चालते तर माझी काहून नाही?

धुरपताला सांगून टाकलं की यंदा दिवाळीनंतर तुझ्या माहेरच्या मंडईच्या जत्रेला आपल्या गाडीने जाऊ. भज्यांच्या तेलावर. करडी ते लाखांदूर, एक थेंब डिझेल नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, एकदाही आपल्या गाडीने तिला माहेरी नेणं जमलं नाही. दरवेळी काहीतरी निघतं. त्यात माझी चूक नाही.

ती म्हणाली, एस्टी आहे ना. डोकंच फिरलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
गावच्या ग्रुपवर मेसेज टाकला: जळलेले तेल फेकू नका, मला द्या.

संध्याकाळपर्यंत अंगणात तीन डबे. तिन्हींत ट्रॅक्टरच्या इंजिनातलं काळं तेल. आमच्याकडे त्यालाच जळलं तेल म्हणतात, वाळवी लागू नये म्हणून खांबांना लावतात. लोकांना साधं मराठी कळत नाही. धुरपता म्हणते, त्यायनं बरोबरच आणलं, तुमीच लिहाले चुकले.

नवीन मेसेज टाकला: खाण्याचे जळलेले तेल पाहिजे.

मागच्या गल्लीतल्या शकुनबाईच्या नंबरवरून उत्तर आलं की भाऊ, तसलं खाऊ नका, पोट बिघडन. खाली अकरा जणांनी हात जोडले. ग्रुप सोडला.

१४ सप्टेंबर, रविवार
भय्याजींच्या हॉटेलात गेलो. स्टँडसमोर तीस वर्षं आलुबोंडा तळतात. म्हटलं, उरलेलं तेल रोज मला. ते म्हणाले, तेल उरतच नाही. मग जाते कुठं? म्हणाले, आलुबोंड्यात.

म्हणजे तीस वर्षं आम्ही हे खातोय. राग आला, तरी दोन खाल्ले. मग कढईच्या बुडाचं चार लिटर मिळालं. त्यात मिरच्या, बेसनाची बुंदी आणि एक बटन.

घरी लुगड्यातून गाळलं. दोरीवरचं लुगडं जुनंच असणार असा कोणाचाही समज होईल. ते ठेवणीतलं निघालं, उन्हं द्यायला काढलेलं. मग ठेवणीतच ठेवायचं ना!

२१ सप्टेंबर, रविवार
मोहाडीच्या घनश्याम मेकॅनिकने अक्कल शिकवली. टाक्या दोन लावा. डिझेलवर चालू करा, तेल गरम होऊ द्या, मग तेलावर घ्या, बंद करायच्या आधी पुन्हा डिझेल. आणि तेल आठ दिवस ठेवून पाणी खाली बसू द्या.

मी म्हटलं, शाकाहारी माणूस जेवायच्या आधी आणि नंतर थोडं थोडं मटण खातो का? तो पाना घेऊन गाडीखाली गेला.

टाकी एकच राहील. तेल दोन दिवस ठेवीन. रात्री धरल्या तर चार होतात.

२५ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ११.१०
चालली!! मोहाडीपर्यंत जाऊन आलो. मागे पांढरा धूर आणि आलुबोंड्याचा वास. टाकीच्या तळाला थोडं जुनं डिझेल होतं, पण ते मोजायचं कारण नाही.

दुपारी २
सात कुत्री मागे लागली ती अंगणापर्यंत आली. तलावाच्या पाळीवर दोन बायांनी हात दाखवून गाडी थांबवली आणि विचारलं, कोणाकडे तेरवीचं जेवण आहे? हा या गावाचा सायन्सविषयीचा दृष्टिकोन.

५ ऑक्टोबर, रविवार
पंपावर जावं लागलं. थोडं डिझेल मिसळल्याशिवाय गाडी सकाळी उठत नाही. शपथ मोडलेली नाही. शपथ पायाची होती, मी गाडीतून उतरलोच नाही.

पोऱ्या म्हणाला, काका, भजे संपले काय?

याचा एक दिवस हिशोब करीन. लाखांदूरहून परत येताना हॉर्न वाजवत याच्या पंपासमोरून जाईन. थांबणार नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळी झाली आणि घराघरात तळणीचं तेल उरलं. आमच्या झाडीपट्टीतली जुनी माणसं अजून जवसाचंच तेल खातात. शकुनबाईने आणि तिच्या गल्लीने मिळून अठरा लिटर दिलं. पिवळं, दाट, धानाच्या बांधीतल्या जवसाचं. गोऱ्याला हे स्वप्नातही मिळायचं नाही. हे त्याच्या पुढचं पाऊल आहे.

टेकचंद सुतार रस्त्यात उभा. म्हणाला, जवसाचं तेल तं मी दाराले मारतो. चार दिवसात वाळून कातडं होते. तुमी गाडीले आतून पॉलिश करून राहिले काय?

सुताराने लाकडाविषयी बोलावं. इंजिन लोखंडाचं असतं.

२ नोव्हेंबर, रविवार
गाडी चालू व्हायला पंचवीस मिनिटं लागली. फिल्टर काढला तर दुधावर येते तशी पिवळी साय. बोटाने ओढली तर लांब झाली.

फिल्टरच भेसळीचा. हल्ली कोणतीच वस्तू धड मिळत नाही.

धुरपता म्हणाली, सुतार म्हणत होता ना. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार
बोलणं सुरू केलं. तिच्या लक्षात आलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
थंडी पडली. भय्याजींनी दिलेलं तेल डब्यात गोठून पांढरं झालं. पाम तेल! तीस वर्षं! विचारायला गेलो तर म्हणतात, थंडीत मीसुद्धा गोठतो, चूल पेटवा.

पेटवली. तेल आंघोळीच्या पितळी गुंडात गरम करून टाकीत ओतलं. गाडी चालू झाली. नंतर त्याच गुंडात धुरपताने आंघोळीचं पाणी तापवलं आणि आता ती सकाळपासून डोकं धुते आहे. मी गुंड धुणारच होतो. माणसाने किती ठिकाणी लक्ष द्यायचं?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
धुरपताने तेलघाणीवरून पाच लिटर जवसाचं तेल काढून आणलं. आईसाठी. सासूबाईंच्या, गोदावरीबाईंच्या, गुडघ्यांनी आता जवाब दिला आहे, त्या इकडे येऊ शकत नाहीत. त्यांच्या गावची घाणी बंद पडली. पाकिटाच्या तेलाच्या भाजीला मातीची चव लागते म्हणतात. म्हणून धुरपताने फाल्गुनात स्वतः बांधीत बसून उपटलेलं जवस आठ महिने कोठीत राखून ठेवलं होतं. मला माहीतच नव्हतं. डब्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलं आणि देवाजवळ ठेवला.

रात्री जेवताना विचारलं, रविवारी मंडईला जाऊन राहिलो ना आपण गाडीनं? मी म्हटलं, शंभर टक्के. मग ती हसली. अशी हसते हे मी विसरलोच होतो. तेव्हापासून छातीत काहीतरी होतंय. बहुतेक भय्याजींचं पाम तेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सायंकाळी ७
टाकी अर्ध्याच्या खाली. भय्याजी कढईसकट कुठल्यातरी मंडईत दुकान लावायला गेले. आजच! शकुनबाईच्या गल्लीत आता तेल नाही. पंप उघडा आहे, पण पंपावर तो आहे. उद्याच लाखांदूर असताना आज त्याच्यासमोर जाऊन उभा राहू? मेलो तरी नाही.

घरात पाच लिटर तेल आहे. ताजं, घाणीचं, एकदाही न तळलेलं.

सायंकाळी ७.४०
ओतलं. इंजिनाने आयुष्यात असं काही खाल्लं नसेल. डब्यात पाणी भरून लाल फडकं तसंच बांधलं, म्हणजे उचलताना वजन बरोबर लागेल. लाखांदूरच्या बाजारात नवीन घेऊन गुपचूप बदलून टाकीन. ही चोरी नाही. तेल तिच्या माहेरीच चाललं आहे, फक्त इंजिनातून.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७.१५
एका झटक्यात चालू! धुरपता नव्या लुगड्यात पुढच्या सीटवर. डबा मांडीवर. मागे ठेव म्हटलं तर म्हणते, सांडन.

सकाळी ९.३०
तलावाच्या पाळीजवळ बसून लिहितो आहे. गावापासून तीन किलोमीटर. गाडी दोनदा शिंकली आणि उभी राहिली. मी बोनेट उघडलं, पंपावरच्या पोऱ्यापासून गोऱ्यापर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या, धक्का मारला, पुन्हा बोनेट उघडलं. धुरपता अर्धा तास डबा मांडीवर धरून बसून होती. मागून भंडाऱ्याची एस्टी आली तशी उतरली, पिशवी घेतली, डबा घेतला, हात दाखवला. बायांना अर्धं तिकीट. सरकारनेच माझ्याविरुद्ध कट केला आहे.

एवढंच म्हणाली, येतो मी.

मी डब्याचं सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तोंड उघडलं तोवर बसचं दार लागलं.

दुपारी ४
अजून फोन नाही. कदाचित उघडला नसेल. पाहुणे खूप असतात. मंडईत कोण डबा उघडत बसतं?

सायंकाळी ६.२०
साळ्याचा फोन. प्रितमचा. म्हणाला, भाऊजी, पाणी लाखांदुरातबी भेटते.

सासूबाईंनी वडे तळायला चुलीवर कढई ठेवली. गल्लीतल्या साऱ्या बाया बसल्या होत्या, लेकीनं आपल्या हातचं जवसाचं तेल आणलं म्हणून. धुरपताने सगळ्यांसमोर फडकं सोडलं आणि ओतलं. मग डब्यात डोकावून पाहिलं. कढई उतरवून ठेवली आणि मागच्या अंगणात गेली.

प्रितमला म्हटलं, तिला फोन दे. तो म्हणाला, ते नाही म्हणते.

राग येतो आहे. कोणाचा ते अजून ठरलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
गाडी ट्रॅक्टरने ओढून मोहाडीला नेली. घनश्यामने फ्युएल पंप उघडला. आत सगळं पिवळं, चकचकीत, घट्ट. हातोडीनेही सुटेना. त्याने मुद्दाम टेकचंद सुताराला बोलावून घेतलं. तो दुसऱ्या गावचं काम सोडून आला. नखाने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, पॉलिश मस्त बसलं.

मीही नखाने वाजवून पाहिलं.

घनश्याम म्हणतो, नवीन पंप टाकण्यापेक्षा गाडी भंगारात द्या. तोच शब्द.

२९ नोव्हेंबर, शनिवार
मंडई होऊन सहा दिवस झाले. तिचा फोन वाजतो, ती उचलत नाही. रोज भात करून खातो. आज भाजी केली, पाकिटाच्या तेलात. मातीची चव लागते. सासूबाई खोटं बोलत नाहीत.

रागाचं आता ठरलं आहे. पण ते इथे लिहिणार नाही. कोणी वाचलं तर?

१ डिसेंबर, सोमवार
शकुनबाईकडे जवस मागायला गेलो. तिने आधी विचारलं, गाडीले पाहिजे का माणसाले? माणसाला म्हटलं. तरी ती घाणीवर सोबत आली. तेल डब्यात पडेपर्यंत डोळा हलवला नाही. फडकं तिनेच बांधलं. गाठही तिचीच.

२ डिसेंबर, मंगळवार, सकाळी ८.२०
एस्टीत. डबा मांडीवर.

कंडक्टर म्हणाला, काका, तेलाचा डबा खाली उतरवा, जळणारं सामान गाडीत चालत नाही. मी सांगितलं, खायचं तेल आहे, सासूबाईचं आहे. तो म्हणाला, तेल म्हणजे जळनच ना.

मग माझा तोल गेला. उभा राहून साऱ्या बससमोर ओरडलो की अरे नाही जळत हे! अडीच महिने जाळून पाहिलं मी! गाडी गेली, बायको गेली, पण हे तेल जळत नाही!

मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, साहेब, बसू द्या. खरं सांगून राहिले ते. गाडी पाहिली आमी. वळून पाहिलं तर पंपावरचा पोऱ्या. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मशीनमधून फुल तिकीट काढून दिलं.

सकाळी ९
भंडारा यायचं आहे. तिथून लाखांदूरची दुसरी बस. तिला काय सांगायचं ते ठरवतो आहे आणि जमत नाही. शकुनबाईची गाठ तीनदा सोडून डब्यात बोट बुडवून पाहिलं.

तेलच आहे.