विसावी मादी

१ ऑगस्ट १९८६
पोहोचलो एकदाचे! अहेरीपासून जीपने हाडं खिळखिळी केली, पण सहा महिन्यांची पोटुशी कांता हसतच उतरली. डासांना रक्त पाजायचा मला पगार मिळणार, हे वरोऱ्यात आईला अजून सांगितलेलं नाही. दोन खोल्या आम्हाला, तिसरी प्रयोगशाळा. या मलेरिया संशोधन केंद्राचे प्रमुख गुणवंतराव सहा महिने काम बघून मला कायम करणार. बघूच, कसे करत नाहीत!

४ ऑगस्ट
गावातला कोलूभाऊ आला. क्लोरोक्विनचा पुरा डोस होऊनही त्याच्या रक्तातले मलेरियाचे जंतू जाईनात. औषधाला न जुमानणारे जंतूच आम्हाला अभ्यासाला हवेत; आमच्या लेखी असा रोगी म्हणजे लॉटरी. जाळी बांधलेल्या कपात डासांच्या वीस माद्या सोडल्या (नर बिचारे चावत नाहीत) आणि त्यावर त्याने हात ठेवला. आमचं रगत त्या रोजच पितेत, कपात पाजाची काय भानगड, म्हणून हसला. मग त्याला अहेरीच्या इस्पितळात धाडलं.

१६ ऑगस्ट
बारा दिवस झाले, म्हणजे जंतू माद्यांच्या लाळेत उतरले असणार. एकेक मादी चिरडून अर्क प्लेटीतल्या खळग्यात घालायचा. जंतूचं प्रथिन असेल तर रंग हिरवा होतो. एकोणीस खळगे भरले आणि कप रिकामा झाला. काल मोजल्या तेव्हा वीस होत्या.
जाळीला गव्हाएवढं भोक आहे. काल मोजून पुन्हा बांधताना मीच घाई केली. नोंदवहीत ‘एक मेली’ असं लिहून टाकलं. गुणवंतरावांना कळलं तर नोकरी गेलीच.

१७ ऑगस्ट
सापडली. आमच्याच मच्छरदाणीच्या आत, पोट लालभडक फुगलेलं. आत आम्ही दोघंच झोपतो. माझं रक्त ओ गटाचं, कांताचं बी. मादीच्या पोटातलं तपासलं. बी.
उरलेला अर्क प्लेटीत घातला. खळगा हिरवागार झाला. माझं का नाही प्यायली, सटवी!

१८ ऑगस्ट
कांताला सांगितलं नाही. चावली म्हणजे ताप येतोच असं नाही. या जंतूंवर चालतं ते क्विनीन, आणि ते इथे नाही. मागवायचं तर कारण सांगावं लागेल. त्याने गर्भ पडतो असंही म्हणतात. ताकदीच्या गोळ्या म्हणून तिला क्लोरोक्विन देतोय. त्यांचा उपयोग नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

२४ ऑगस्ट
ताप नाही. मी दर तासाला तिच्या कपाळाला हात लावतो. काऊन जी, एवढी माया काऊन उतू चालली, म्हणून ती चिडवते. मी भित्रा आहे. उद्या सांगतो.

२८ ऑगस्ट
हुडहुडी. १०४ ताप. काचपट्टीवर जंतूच जंतू. गुणवंतरावांना सगळं सांगितलं. ते जीप काढायला धावले. नाल्याला पूर. जीप परत.

२९ ऑगस्ट
ड्रायव्हर लालसू नाला पोहून अहेरीला गेलाय, क्विनीन आणायला. पाऊस. पाऊस.

३० ऑगस्ट
बाळ हलत नाई, म्हणाली. मग बोलणंच —
लालसू अजून —

३१ ऑगस्ट
डोळे उघडले तिने. मला ओळखलं नाही — भाऊ म्हणाली. भाऊ, आमच्या यायले बोलवा ना. यायले मलेरियाचं सारं समजते. यायले माहीत असतं तर मले असं पडू देलं असतं का?
मी हात धरला. सांगितलं. त्याला माहीत होतं, कांता, सतरा तारखेपासून, सगळं —
तिने हात सोडवून घेतला. मंग नका बोलावू जी त्यायले, म्हणते, मंग नका —