ताल्वा नव्हे, तोल्वा

ईसाफ्योर्दुर,
४ मार्च

प्रिय कोल्बेन,

तू खुशाल असशील, आणि त्या सपाट आरहूसमध्ये अजून सायकलच हाणत असशील. इथे बर्फ खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आलंय. मी बरी आहे. गुडघा आपला कुरकुरतोय. परवा गोड क्लेनर तळले, त्यातले निम्मे अजून डब्यातच आहेत. दोघांच्या अंदाजाने करायची सवय जात नाही.

पत्र हाताने लिहितेय, कारण तू आणि बाबांनी मिळून जोडलेलं ते यंत्र मधे दोन ओळी लिहिल्या की गोठायचं, आणि आता हातालाच सवय झालीय. तुम्ही डेन्मार्कात त्याला कॉम्प्युटर म्हणता. मी तोल्वाच म्हणणार. 'ताला' म्हणजे आकडा आणि 'व्होल्वा' म्हणजे भविष्य सांगणारी बाई. दोन्ही जोडून आपल्या लोकांनी केवढा देखणा शब्द घडवला! आणि तुझे बाबा जन्मभर 'ताल्वा' म्हणत राहिले. ही चूक निम्मा देश करतो, पण व्याकरण शिकवणाऱ्या बाईच्या घरात? मी दुरुस्त केलं, की ते मुद्दाम आणखी मोठ्याने ओरडायचे, "स्टेइनवर, माझी ताल्वा रुसली गं!"

तू फोनवर म्हणालास, "आई, ते भंगार फेक, मी लॅपटॉप पाठवतो." मी विषय बदलला. त्याच फोनवर तू दुसरंही काही विचारलंस, तेव्हाही मी विषयच बदलला.

गोठण्याचं एक वेळ सोड. खरी गोष्ट मी तुला सांगितलीच नाही. तोल्वा आपोआप सुरू होते. मी बंद करून ठेवते, आणि दुपारी भांडी घासताना किंवा रेडिओ ऐकताना आतल्या खोलीत पंखा घरघरायला लागतो. पहिल्यांदा हे झालं ऑक्टोबरात, ज्या वादळानंतर बाबांची होडी रिकामी सापडली, त्यात गेलेली वीज परत आली तेव्हा.

बुडालेला माणूस ओल्या कपड्यांनिशी घरी येऊन जातो, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात. मी वर्गात त्यावर हसलेय. आता पंखा वाजला की मी हात पुसून आत जाते आणि त्यांच्या खुर्चीखालची फरशी ओली आहे का, ते बघते. मग तिथेच बसून बोलते. खुळी झाले नाहीये रे. पण जुन्या गोष्टींत व्होल्वाला थडग्यातून उठवून प्रश्न विचारतातच ना? मीही विचारते, ते कुठे आहेत म्हणून.

शेवटी गेल्या आठवड्यात दाग्ब्यर्तला बोलावलं. तुझ्या वर्गातली, कायम नाक गळणारी. आता मासळी कारखान्यातली सगळी यंत्रं तीच सांभाळते. पेटीचं झाकण काढल्याबरोबर म्हणाली, "बाई, आत मेंढ्या पाळल्यात की काय?" धूळ झटकून तिने मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून लावून पाहिल्या. त्या ठणठणीत. डिस्कही ठीक. मग वीज पुरवणारा डबा बदलून पाहिला, आणि गोठणं थांबलं.

"पण हा बोर्डही दमलाय," ती म्हणाली. "याच्यावर आजचा प्रोसेसर बसायचा नाही. सुधारायचं म्हटलं तर डिस्क सोडून सगळंच नवं."

"आणि आपोआप सुरू होते, ते?" मी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

तिने पडद्यावर एक निळं पान उघडलं. "हे बघा. कुणीतरी गजर लावलाय. रोज पहाटे चारला उठायचं, असा. पण घड्याळाची बॅटरी संपत आलीय. वीज गेली की घड्याळ मागे पडतं, आणि हिची पहाट भरदुपारी होते."

चार वाजता बाबा समुद्राचं हवामान बघायचे. कॉफी होईपर्यंत पान तयार मिळावं म्हणून त्यांनी ही सोय केली असणार. मी तेव्हा गाढ झोपेत असायचे, मला कधी कळलंच नाही.

कोल्बेन, भुतापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली. भूत असतं, तर निदान कुणीतरी आलेलं तरी असतं.

दाग्ब्यर्तने बटणाएवढी नवी बॅटरी बसवली, घड्याळ लावलं आणि विचारलं, "गजर काढू का, बाई?" मी म्हटलं, "राहू दे." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि एक क्लेनर उचलून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी चारच्या आधीच उठून त्यांच्या खुर्चीत बसले. तोल्वा अगदी वेळेवर उठली. हवामानाचं पान उघडलं: वारा मंद, लाटा लहान, निघायला झकास दिवस. मी स्वयंपाकघरातल्या पावलांची वाट बघितली. उजाडलं, तरी कुणीच निघालं नाही.

ते येणार नाहीत. मी हे पहिल्यांदाच लिहितेय, म्हणून अक्षर असं झालंय.

तू फोनवर विचारलं होतंस, त्याचं उत्तर: पाद्रींना मी सांगून आले. बाबांची प्रार्थनासभा ईस्टरनंतर. शव मिळेपर्यंत थांबा, असा हट्ट माझाच होता. दगडावर काय कोरायचं ते तू ठरव, व्याकरण मी तपासेन. आणि लॅपटॉप नको, तू ये. नवी पेटी आपण इथे बसून जोडू. बाबांची डिस्क तिच्यात घालू, पण गजर लावायचा नाही.

जुनीचा गजर आज मी स्वतः काढला आणि तिला बंद केलं. ताल्वा झोपली, कोल्बेन. हो, ताल्वाच लिहिलंय. दुरुस्त करू नकोस.

वाट बघणारी, फक्त तुझी,
आई