माझा डावा पाय आणि यौकोची पिवळी गाडी

मंगळवार, २ जून. सकाळी.
नात सानेल्माला लिहायला बसवलं आहे. अक्षरं माझ्यापुढे कधी स्थिर उभी राहिली नाहीत. सांगेन तेवढंच लिहायचं, स्वतःची अक्कल घालायची नाही, असं तिला बजावलं.

काल शेजारचा तावेत्ती (वय एकोणऐंशी, नाक लांब, बुद्धी आखूड) माझीच कॉफी पिता पिता म्हणाला, लेम्पी, तुझं गाडी चालवणं आता गंजलं. म्हटलं, ये कुइवालाम्पीच्या ट्रॅकवर, गंज कोणाला चढलाय बघू. पैज लागली. आमच्या सहा घरांत वाफेचं न्हाणीघर एकच. शनिवारी सहाची पाळी माझी, एकतीस वर्षं. दगड तापून लाल, पाणी टाकलं की कानाच्या पाळ्या भाजतात. तावेत्तीची पाळी सोमवारी दुपारी अडीचला, तेव्हा दगड नुसते कोमट. तीन फेऱ्यांत जो मागे राहील, त्याने सोमवार घ्यायचा. शनिवार दुसऱ्याचा.
बिचारा तावेत्ती.

गुरुवार, ४ जून.
जावई यौकोने पिवळी स्पोर्ट्स कार दिली. तोंड असं केलं, जणू मूत्रपिंड देतोय.
दोनच पायडल. क्लच नाही. उत्तम. उजवा पाय रेसवर, डावा ब्रेकवर. वळणात रेस सोडायची नाही, डाव्याने ब्रेक दाबून गाडीचं नाक आत ओढायचं. बाबांनी खडीच्या रस्त्यावर असंच शिकवलं. तेव्हाच्या आमच्या गाडीत इंजिनचं तेल पेट्रोलात मिसळूनच जायचं. रेस सोडली की इंजिन कोरडं. म्हणून दोन्ही पाय एकदम. डावा पाय पिसासारखा हलका लागतो. माझा आहे.

शनिवार, ६ जून.
पहिला सराव. गाडी बिघडलेली आहे.
वळणात दोन्ही पाय दाबले की रेस मरते. ब्रेक सोडला तरी गाडी श्वासभर विचार करत बसते. मग उठते, सरकारी कारकुनासारखी. यौकोला झापलं. तो म्हणतो, सासूबाई, रेसला आता केबल नसते. तुम्ही पायाने फक्त मागायचं, द्यायचं की नाही ते कॉम्प्युटर ठरवतो. ब्रेक आणि रेस एकदम दाबलं की त्याला वाटतं, माणूस घाबरून पाय चुकलाय. म्हटलं, मला घाबरलेलं तू कधी पाहिलंयस? मान खाली घातली. बायकोसमोर घालतो तशी.
ट्रॅकवरचे बाकीचे गप्पच होते. चालवणं बघून वाचा गेली असणार.

सोमवार, ८ जून.
गाडी गॅरेजला नेली. किम्मो मेकॅनिकने लॅपटॉप जोडला, अर्धा तास हूं हूं केलं. म्हणे गाडी निरोगी आहे. म्हणे आजी, दोन्ही कामं उजव्या पायानेच करून बघा ना, डावा खाली ठेवा. विचारलं, तू एकाच दाताने जेवतोस का? त्यावर तो म्हणाला, दात माझं इंजिन बंद करत नाहीत.
उद्धट. याच्या आईला मी ओळखते. तीही अशीच.

बुधवार, १० जून.
उपाय सापडला. कॉम्प्युटरला फसवायचं. डावा पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवायचा, सगळा वेळ, जाड लोकरी मोज्यातून. म्हणजे तयारीत असेल आणि त्या डब्याला सुगावा लागणार नाही.
सराव केला. आता सरळ रस्त्यावरही गाडी आजारी म्हशीसारखी चालते. तावेत्तीने पेट्रोलात पाणी घातलं असणार. सानेल्मा म्हणते, आजी, पुराव्याशिवाय असं लिहू नये. म्हटलं, लिही.

शुक्रवार, १२ जून.
उद्या शर्यत. जिंकून संध्याकाळी सहाला वाफेत बसून सॉसेज खायचं ठरवलं आहे. दोन आणून ठेवले. तावेत्तीला एकही नाही.

शनिवार, १३ जून. दुपारी.
तावेत्ती आपली राखाडी घरगुती गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर बटाट्याचं पोतं. दोन फेऱ्या मी पुढे. तो मागे लांब, दबून. मनात म्हटलं, घाबरला. तिसऱ्या फेरीला सरळ रस्त्यावर माझ्या बाजूने गेला, हात वर करून. शहाणा. पुढच्या वळणात मी दोन्ही पाय दाबले. गाडी झोपली. संपलं.

कँटीनमध्ये तो वेलदोड्याचा पाव चावत म्हणाला, आभारी आहे हं लेम्पी, वाट दिलीस. म्हटलं, कसली वाट? तो म्हणाला, अगं, तुझे मागचे ब्रेकचे लाल दिवे तिन्ही फेऱ्या पेटलेलेच होते. वाटलं, आत्ता थांबतेय, मग थांबतेय. दोन फेऱ्या भीतीने मी मागेच राहिलो.
यौको छताकडे बघायला लागला. किम्मो कपात. विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? किम्मो म्हणाला, सगळ्या ट्रॅकला, बुधवारच्या सरावापासून, आजी. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाहीत.
म्हटलं, दिवेच बिघडलेत. किम्मो म्हणाला, दिवे उत्तम आहेत, तेवढेच उत्तम चाललेत.
निघताना तावेत्ती म्हणतो, राहू दे गं, शनिवार ठेव तुझ्याकडे, सोमवारी गारठशील. म्हटलं, दया तुझ्या मांजरीला दाखव.
सॉसेज यौकोने खाल्ले. दोन्ही.

सोमवार, १५ जून. दुपारी तीन.
अडीचला गेले. दगडांवर पाणी टाकलं. नुसतं फस्. अजून टाकलं. दगड ओले झाले. टॉवेल गुंडाळला, मग त्यावर स्वेटर घातला. वीस मिनिटं बसले, कारण पाळी वीस मिनिटांची आहे.
बाहेर तावेत्ती कुंपणाशी उभा होता. विचारलं, कसं होतं? म्हटलं, भाजून निघाले.
दात वाजत होते, म्हणून दोनदा सांगावं लागलं.