काटेरिनाचा उजवा डोळा

८ जुलै

नोकरीचा पहिला दिवस! स्लिमाच्या समुद्रासमोर काचेची इमारत, लिफ्टमध्ये अत्तराचा घमघमाट आणि टेबलावर चक्क माझ्या नावाची पाटी : साल्विना, चित्रकार. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, जेवण देतात का? देतात म्हटल्यावर तिला नोकरी पटली. बाबांना मात्र काम समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं की ऑनलाइन स्लॉटचा गेम आहे, प्राचीन इजिप्तचा. बटण दाबलं की रिळं गरगर फिरतात, एका ओळीत सारखी चित्रं थांबली की पैसे मिळतात, आणि ती चित्रं मी काढायची. म्हणजे कोळ्याच्या पोरीने जाळं टाकायचं ते माणसांसाठी म्हण की, असं बोलून बाबा स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेपर्यंत हसले.

साहेबांचं नाव विस्टिन. मी मार्साश्लोकची, कोळ्यांच्या गावची, आहे हे कळल्यावर म्हणाले, अरे वा, पण मासळीचा वास तर येत नाही तुला! पहिलाच दिवस, म्हणून हसून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात असं बोलले तर ऐकून घेणार नाही.

१७ जुलै

भुंगा झाला, कमळ झालं, फेरो झाला. देवीची मांजर हुबेहूब आमच्या शेजारच्या बोक्यासारखी झाली आहे, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. अडलंय ते डोळ्याच्या चित्रावर. तोच या गेमचा राजा. तो सगळ्या रिळांवर एकदम आला की पिरॅमिडचं दार उघडतं. मी काढतेय, पुसतेय. विस्टिन म्हणतात, सुंदर आहे, पण माझ्याकडे बघत नाही ना तो.

आज रविवार, म्हणून घरी आले. लांपुकी माशांचा हंगाम जवळ आलाय, तेव्हा बाबांनी होडी ओढून रंगवायला घेतली आहे. आमच्याकडे प्रत्येक होडीला नाकाच्या दोन्ही बाजूंना डोळे असतात, लाकडात कोरलेले. वाट तेच शोधतात, असं इथला प्रत्येक माणूस मानतो, आणि न मानणाराही डोळ्यांविना होडी पाण्यात घालत नाही. आमच्या होडीचे, काटेरिनाचे, डोळे रंगासाठी उतरवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगले होते, एकमेकांकडे तोंड करून. जन्मापासून पाहिलेत मी ते. पण आज पाहिले आणि अंगावर काटा आला. विस्टिनना हवी ती नजर हीच.

२४ जुलै

बाबांकडे एक डोळा चार दिवस मागितला. दोन्ही ने नाहीतर एकही नको, म्हणाले. हंगाम तोंडावर, त्यामुळे दोन्ही द्यायची तर तयारी नाहीच. एका डोळ्याची होडी सरळ जात नाही, ती आपल्याचभोवती फिरत राहते आणि तिला किनारा सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, अहो बाबा, होडी कोरड्या जमिनीवर आहे, ती फिरेल कुठे? तर म्हणे, ते डोळ्यांना कुठे कळतं, पोरी? आई माझ्या बाजूने बोलली, द्या की हो तिला, नवी नोकरी आहे. बाबा ऐकेनात.

ते रंग आणायला धक्क्यावर गेले तेव्हा मी उजवा काढून पिशवीत टाकला. डाव्याचा रंग ओला होता. खिळ्यावर फडकं टाकून आले. ते उघडून बघायचे नाहीत, माहीत आहे मला.

३१ जुलै

या आठवड्यात ऑफिसातल्या यंत्राने डोळ्याची खाचन् खाच टिपली आणि तो गेममध्ये बसवला. विस्टिन येऊन पडद्यासमोर उभे राहिले. मग सगळ्या मजल्यासाठी रिकोटाच्या पेस्ट्री मागवल्या. गेम तपासणारी चेन्सा खेळायला बसली ती जेवायलाही उठली नाही. तिचे डोळे लाल झाले, तरी बोट चालूच. विस्टिन म्हणाले, याहून मोठी पावती कोणती हवी? मला आनंद झाला. खरंच झाला, खोटं कशाला लिहू.

१४ ऑगस्ट

फडक्याचं बिंग फुटलं. बाबा ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, पाद्री होड्यांना आशीर्वाद द्यायला येतील त्याआधी परत आण. पण विस्टिननी डोळा ऑफिसातल्या आपल्या कपाटात कुलपात ठेवलेला, आणि सांता मारियाच्या सणाच्या सुट्टीला आमची सगळी बेटं बंद होतात तसं आमचं ऑफिसही दहा दिवस बंद झालं. ते स्वतः सिसिलीला. मग मी शहाणपणा केला. यंत्राने टिपलेली डोळ्याची मापं माझ्याकडे होतीच. ओळखीच्या थ्रीडी छापखान्यातून प्लास्टिकचा डोळा काढून घेतला आणि बाबांच्याच रंगांनी रंगवला. देवालाही कळला नसता.

बाबांनी तो स्वतःच्या हाताने ठोकला. हलका लागतोय गं, म्हणाले. मी म्हटलं, वाळलाय, बाबा. त्यांनी लगेच मान डोलावली. मला जरा वाईट वाटलं. सुट्टी संपली की गुपचूप खरा आणून बसवते.

२२ ऑगस्ट

बाबा परत आले नाहीत.

त्यांचा भाऊ, नेनूकाका, आपल्या होडीतून जवळच मासेमारीला होता. आम्ही ताडाच्या झावळ्यांचे तराफे समुद्रात सोडतो, त्यांच्या सावलीला लांपुकी जमते. त्या तराफ्यांपाशी त्याने काटेरिना पाहिली. ती गोल फिरत होती. बाबा सुकाणूवर सगळं अंग टाकून ओढत होते आणि होडी ऐकत नव्हती. काकाने हाका मारल्या, आपली होडी तिकडे पळवली, पण मधलं अंतर कमीच होईना. मग धुकट झालं. धुकं गेलं तेव्हा तिथे पाणीच होतं.

हेलिकॉप्टर फिरतंय. आई धक्क्यावर बसून आहे. मी काय केलं ते तिला सांगितलेलं नाही.

२५ ऑगस्ट

विस्टिनकडून किल्ली मागून कपाट उघडलं. बंद कपाटात लाकूड चिंब भिजलेलं. बोट जिभेला लावलं. खारट.

पडद्यावर गेम चालू होता. त्या डोळ्याच्या बुबुळात काहीतरी हलत होतं. वाकून पाहिलं. पाणी. होडीचं नाक. बाबा.

बटण दाबलं. रिळं फिरली, होडीही फिरली. रिळं थांबली तशी होडी थांबली आणि तिच्यात पाणी चढायला लागलं, बाबांच्या घोट्यापर्यंत. पुन्हा दाबलं. पाणी उतरलं.

२६ ऑगस्ट

लॅपटॉप घेऊन घरी आले. आईला सगळं सांगितलं, प्लास्टिकच्या डोळ्यासकट. बुबुळ दाखवलं. तिला पिरॅमिड दिसतो. विस्टिननाही फक्त चित्रच दिसलं, सुट्टी घे म्हणाले. काका खरा डोळा घेऊन समुद्रात सगळीकडे जाऊन आला. काटेरिना कुठेच नाही. कशी असेल, ती इथे आहे.

आपोआप फिरवायची सोय गेममध्ये नाही, कायद्याने बंद आहे. बटणावर वजन ठेवून पाहिलं. एकच फेरी होते. दर वेळी बोट उचलून पुन्हा दाबावं लागतं.

२८ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहितेय. उजवा रिकामा नाही.

आईला म्हटलं, घटकाभर तू दाब, मला डोळा लागू दे. रडत रडत दाबत होती बिचारी. जाग आली तर पाणी बाबांच्या कमरेपर्यंत. ती दाबतच होती. रिळं फिरत होती, होडी हलत नव्हती. माझंच बोट लागतं. डोळा मी काढला होता ना —

आता झोपणार नाही.

३० ऑगस्ट

बाबांना मी दिसते. आज वर पाहिलं त्यांनी, सरळ माझ्याकडे. ओठ पांढरे पडलेत. मान हलवली. मग हाताने खूण केली, जाळं फाटणार असलं की करतात ती. सोड.

नाही सोडणार. बाबा, नाही.

१ सप्टेंबर

बोट सुजलंय. मधल्या बोटाने.

पिरॅमिडचं दार उघडतं, सोन्याचा पाऊस, गाणं — तेवढा वेळ बटण चालत नाही. तेवढ्यात पाणी छातीला. पडदा म्हणतो जिंकलीस. देवा, जिंकवू नकोस मला —

२ सप्टेंबर

आई दाराशी काकाशी बोलतेय. नवरा गेला, आता पोरही जुगाराने खाल्ली म्हणतेय. डॉक्टर आणूया म्हणतेय. ऐकू येतंय सगळं.

उत्तर द्यायला वेळ नाही. मान वर केली की एक फेरी चुकते —

३ सप्टेंबर

आई आली. जवळ बसली. केसांवरून हात फिरवला. पुरे, बाई माझी, म्हणते. ते गेले, आपण रडून घेऊ, पण हे पुरे.

तिने माझा उजवा हात धरलाय. दोन्ही हातांनी. घट्ट, उराशी. मुके घेतेय बोटांचे.

आई, पाणी त्यांच्या गळ्याशी आलं. तुला दिसत नाही. सोड. आई, सोड ना, हनुव—