संख्याशास्त्र सोडण्याची सही

ती. मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार, आणि त्यांचा गुडघा आता कसा आहे तेही कळवा (तुम्ही नको, तुम्ही नुसतं ‘बरा आहे’ लिहिता, त्यांनाच लिहायला सांगा). तुमच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी असो आणि गावाची नजर अशीच बेताची राहो. इथे आम्ही सगळे मजेत. माझं अक्षर वेडंवाकडं दिसेल, पण घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. मी कॉलेजच्या जिन्यात बसून मांडीवर वही ठेवून लिहिते आहे आणि मला इतका आनंद झालाय की पेन जागेवर राहत नाही.

तर मामा, मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं! मला घेतलं! तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश! बाबांनी ते पत्र तीनदा मोठ्याने वाचलं, त्यातलं एकदा शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून. मग ते आईच्या हाती लागलं, आणि आई कुठलाही कागद खालून वर वाचते हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की चालू सत्रात एकाही विषयात नापास झाल्यास प्रवेश रद्द. विषय मुदतीत सोडला तर चालेल, पण मग तो तिकडे पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर पुन्हा करायचा. आता बाकी विषयांत मी चांगली आहे (हे मी नाही, गुणपत्रिका म्हणते), पण संख्याशास्त्रात पहिल्या परीक्षेला शंभरपैकी एकतीस मिळालेत. दोन्ही परीक्षांची सरासरी चाळीस हवी. म्हणजे शेवटच्या परीक्षेत एकोणपन्नास पाडायचे. एवढा हिशेब जमला तेव्हा बाबा म्हणाले, बघ, येतं की तुला संख्याशास्त्र. तरी त्यांचं मत सोडावं असं, आईचं सोडू नये असं. दोघांचं एकमत एवढ्यावरच झालं की तुम्हाला विचारावं, कारण इंजिनिअरिंग, चित्रकला आणि वकिली अशी तीन कॉलेजं सोडूनही ज्याचं बरं चाललंय असा घरात दुसरा माणूस नाही. (हे आईचे शब्द. मी बरेच सौम्य केलेत.)

पण मुदत उद्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, पाच वाजेपर्यंतची. म्हणून मी सोमवारीच विषय सोडण्याचा फॉर्म भरला. त्यावर विषयाच्या सरांची सही लागते. आमच्या सरांना सगळे ‘पण-सर’ म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बरोबर आहे, पण’ असं सुरू होतं. इतर सर न बघता सही ठोकतात. पण-सरांचा नियम वेगळा. विषय सोडायला त्यांची हरकत नसते, फक्त आपल्याला नेमकं काय कळत नाही ते एका वाक्यात सांगावं लागतं. मी म्हटलं, यात काय, मला काहीच कळत नाही. सर म्हणाले, “बरोबर आहे, पण ‘काहीच’ हे उत्तर आळशी माणसाचं. उद्या या.” मंगळवारी मी सूत्रं पाठ होत नाहीत असं सांगितलं. त्यांनी तीन सूत्रं विचारली आणि माझ्या दुर्दैवानं मला तिन्ही आली. बुधवारी सांगितलं की सूत्रं येतात पण कुठलं कधी वापरायचं ते कळत नाही. तेव्हा जरा खूश होऊन त्यांनी मला खुर्ची दिली (आधीचे दोन दिवस उभीच होते), पण सही नाही. घरी जाऊन मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. एखादा विषय टाकण्यासाठी इतका अभ्यास आजवर कोणी केला नसेल.

आज सकाळी गेले आणि म्हटलं, सर, हजार माणसांना विचारून एका शहराचं मत कळतं हे मला पटतं. पण शहर दहापट मोठं झालं तरी हजारच माणसं कशी पुरतात? भांडं मोठं झालं तरी चव बघायला चमचा तेवढाच? सर ताडकन उठले. मला वाटलं आता हाकलतात. त्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, चष्मा पुसला आणि झोकात सही केली. मी विचारलं, पण उत्तर? तर म्हणतात, “उत्तर मंगळवारच्या तासाला आहे. पण तुम्ही तर विषय सोडलात.”

मामा, मी हात चोळत ऑफिसच्या रांगेत उभी राहिले. पुढे अकरा जण. मनातल्या मनात मी रस्सा ढवळत होते, आधी लहान पातेल्यात, मग मोठ्या पातेल्यात, आणि माझा नंबर यायला आणि डोक्यात उजेड पडायला एकच गाठ पडली. नीट ढवळलेलं असेल तर चमच्याला भांडं केवढं आहे त्याच्याशी देणंघेणंच नाही! चमचा किती मोठा, एवढंच महत्त्वाचं! हे मी खिडकीतल्या बाईंना ओरडूनच सांगितलं. त्यांनी शिक्का हातात धरून विचारलं, “फॉर्म देणार आहात की स्वयंपाक करणार आहात?” मी रांगेतून बाहेर पडले. मी विषय सोडत नाही, मामा. इतकं मस्त मला कधीच वाटलं नव्हतं. मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीत माझ्याकडून एकेक धपाटा.

तुमची भाची

ता. क. सही केलेला फॉर्म याच पाकिटात घातलाय, म्हणजे उद्या पाचपर्यंत मला मोह झाला तरी तो तुमच्या गावाच्या वाटेवर असेल. जपून ठेवू नका, फाडा.

ता. क. २ वरचं वाचून मी फार धीट आहे असं समजू नका. कोरा फॉर्म कुठल्याही खिडकीवर मिळतो. एक माझ्या दप्तरात आहे.

ता. क. ३ खरं काम आता लिहिते. परीक्षेला बावीस दिवस आहेत आणि मला कोणाला तरी समजावून सांगत अभ्यास करायचाय. बाबा पहिल्याच वाक्याला ‘कळलं’ म्हणतात, आई कळेपर्यंत भांडते. आईनं आज सकाळी सांगितलं की इंजिनिअरिंग तुम्ही संख्याशास्त्राच्याच तासाला उठून सोडलंत आणि त्या दिवशी घरी येऊन खूप रडलात. आम्हाला तर आजवर ती गंमत म्हणूनच सांगितली होती. मला वाईट वाटलं, मामा. दुकान मामींवर सोपवा आणि या. रोज संध्याकाळी दोन तास, तुम्ही आणि मी. नाही कळलं तर नाही म्हणा, दहादा म्हणा. फक्त मध्येच उठायचं नाही. मीही उठणार नाही.