शंभूचा आउट

३ एप्रिल
आज रुजू झाले! कात्रजच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथल्या टाइम ऑफिसात मी क्लार्क. बाहेर ऊन रणरणतंय आणि माझ्या टेबलासमोरच मोठ्या चेंबरचं जाडजूड दार, त्याला गोल काच. आत गोठवलेले मटार आणि आंब्याचा रस. आमचे साहेब, शरच्चंद्र गोडबोले, पेठेतून स्कूटरवर येतात. मी वाशीमची म्हटल्यावर म्हणाले, मग इथे उन्हाळा मागू नका, मिळणार नाही. मला हसूच आलं.

काम आवडीचं: प्रत्येकाच्या पाळीचे तास काढायचे. आउटमधून इन वजा, जेवणाचा अर्धा तास वजा. साडेसात तास म्हणजे ७.३० नव्हे, ७.५; भले भले इथेच आपटतात. रात्रपाळीचा आउट दुसऱ्या दिवशी पडतो, म्हणून चोवीस मिळवायचे. एवढं जमलं की गंगेत घोडं न्हालं.

महिन्याचे, म्हणजे २० तारखेपर्यंतचे, तास जुळवून दिले की रजा, असं साहेबांनी कबूल केलंय. २ मेला धाकट्या भाग्यश्रीचं लग्न आहे. बाबा नाहीत. पाठवणीच्या वेळी तिच्या पाठीशी मी उभी राहणार, असं तिला वचन दिलंय.

८ एप्रिल
चेंबरमध्ये जाता-येता कार्ड दाखवायचं. येताना कुणी विसरलाच, तर त्याचा आउट मी हातानं टाकायचा. पण तो बाहेर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच. संगणकही विचारतो: प्रत्यक्ष पाहिलंत? नियम शहाणपणाचा आहे. आत उणे अठरा. आतल्या माणसाला मी बाहेर दाखवलं, तर त्याला शोधायला जाणार कोण?

एक गंमत. पाळी सुटली की झाडलोट करणाऱ्या मथुराबाई चेंबरच्या दाराशी चहाचा पेला ठेवतात. कुणाचा विचारलं, तर शंभूचा. कोण शंभू, तर म्हणाल्या, आत हाय त्यो. आणि जिना झाडायला लागल्या. सकाळी पेला रिकामा असतो.

२२ एप्रिल
बेरीज जुळेना. एकाच ओळीनं घोळ घातलाय. शंभू: इन चार वर्षांपूर्वीचा, आउट नाही. संगणक त्याला रात्रपाळीचा समजून रोज चोवीस तास मिळवत बसलाय.

साहेबांनी सांगितलं, शंभू एका दुपारी आत गेला तो गेलाच. अख्खं चेंबर रिकामं केलं, काही सापडलं नाही. बाहेर येताना कुणी पाहिला नाही, म्हणून आउट कुणी टाकला नाही. आधीच्या बाई ती ओळ सोडून सगळ्यांची बेरीज हातानं करायच्या, तुम्हीही करा. बोटं त्यासाठीच दिलीत, म्हणाले. तीनशे माणसांची बेरीज! आणि माझं तिकीट २८ चं.

२४ एप्रिल
टाकला शंभूचा आउट. प्रत्यक्ष पाहिलंत? होय. इथे कोण विचारायला बसलंय! बटण दाबताना समोरच्या काचेवर आतून कुणाचा तरी तळहात टेकलेला दिसला. दाबेपर्यंत तो खाली गेला. असेल कुणी कामगार. बेरीज झटक्यात जुळली, रजा मंजूर!

२५ एप्रिल
सकाळी फाटकाशी उन्हात एक माणूस बसला होता. लोकरीची टोपी, भुवया पांढऱ्याफटक. मथुराबाईंच्या हातून झाडू पडला. त्यानं मला हात जोडले, माफ करा म्हणाला आणि बसथांब्याकडे चालू लागला. कशाची माफी ते कळलं नाही.

दिवसभर बोटं आखडलेली. संध्याकाळी माझं कार्ड लागेना. वॉचमन रणजित हसून म्हणाला, मशीनप्रमाणे मॅडम कालपासून चेंबरमध्ये आहेत. मी तिथे कधी पाऊलही टाकलेलं नाही.

२६ एप्रिल
दोन पांघरुणं घेतली. ऊब नाही. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या पूर्वाला हाका मारल्या, ती कपडे वाळत घालत राहिली. आईचा फोन आला. पोरी, आवाज लय लांबून येऊन राह्यला तुहा, म्हणाली. मग हॅलो हॅलो करत तिनं ठेवून दिला.
भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

२७ एप्रिल
माझा आउट मीच टाकून पाहिला. संगणक स्वतःचा घेत नाही. साहेबांना विनवलं. त्यांनी माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि रणजितला म्हणाले, या बाईही न सांगता गेल्या.
मी समोरच उभी होते.

२८ एप्रिल
फाटकातून बाहेर पडले. समोर मटारची पोती. पुन्हा पडले. पुन्हा पोती. दार आतून उघडत नाही—
गाडी गेली असेल.
पेन गोठलं. पेन्सिलनं लिहितेय.

३० एप्रिल
मथुराबाईंनी पेला ठेवला. मुक्ताईचा, म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. माझं नाव ऐकून बरं वाटलं. चहा कधी आत आला, कळलं नाही. वाफाळता होता. जीभ पोळली नाही.

२ मे
आज लग्न. पाठवणी झाली असेल. तिच्या पाठीशी कोण— रडायचा प्रयत्न केला.

तारीख कळत नाही
माझ्या टेबलाशी नवी मुलगी. श्रद्धा. सारखी हसते. आईच्या ऑपरेशनसाठी तिला गावी जायचंय. बेरीज जुळत नाही म्हणतेय. साहेब सांगून गेले, ती एक ओळ सोडा, हातानं करा.

दुसऱ्या दिवशी
ती माझ्या ओळीवर आहे. आउट टाकतेय. काच ठोठावली की ती वर बघेल, थांबेल. एवढंच करायचंय. तळहात काचेवर टेकवलाय.
भाग्यश्री माहेरपणाला येईल, तेव्हा मी घरी असेन.
शंभूनं हात का खाली घेतला ते आता— लाज वाटत नाही. काहीच वाटत नाही. तिचं बोट ‘होय’च्या बटणावर आलं. मी हात खा—